गावाने राखलेली जमीन आणि आपला ऊस



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी विभागाकडे दोन तऱ्हेचे निरोप येतात. पहिला नेहमीचा, ‘आमच्या गटाची तोड कधी?’ दुसरा अलीकडे वाढलेला, ‘फडात बिबट्या दिसला, टोळी आत शिरायला तयार नाही.’ मग पारावर चर्चा होते. कुणी म्हणतो, ‘सरकारनं जंगलं नीट राखली असती तर हे जनावर इकडं आलंच कशाला असतं?’ आणि गावाजवळचा एखादा माळ किंवा डोंगर वन्यप्राण्यांसाठी राखायची गोष्ट निघाली, की तीच मंडळी म्हणतात, ‘म्हणजे आमची जमीन गेलीच म्हणा!’

दोन्ही बोलण्यांमागची काळजी खरी आहे, पण माहिती अपुरी आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातच डोंगर, माळ आणि पाणी अशा तिन्ही तऱ्हेच्या जागा राखल्या गेल्या आहेत, आणि त्या जिथे टिकल्या तिथे गावांचा हात लागला आहे. हे कसे झाले, कोणत्या कायद्याने झाले आणि ऊस उत्पादक सभासदाचा त्याच्याशी काय संबंध, हे क्रमाने सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

डोंगर : बोरगड

नाशिक शहराच्या उत्तरेस, रामशेज किल्ल्याच्या शेजारी बोरगड आहे. सरपणासाठी तोड आणि मोकाट चराई यांनी आपल्याकडच्या बहुतेक डोंगरांची जी गत झाली, तीच या डोंगराची झाली होती. वनविभाग, ‘नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक’ ही संस्था आणि पायथ्याच्या तुंगलदरा येथील आदिवासी ग्रामस्थ यांनी मिळून हा डोंगर पुन्हा हिरवा करण्याचे काम हाती घेतले. २००८ साली शासनाने येथील सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर क्षेत्र ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. या प्रकारचे ते महाराष्ट्रातील पहिले क्षेत्र होय. पुढे २०१७ मध्ये त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीच्या डोंगरालाही हाच दर्जा मिळाला. तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात.

डोंगर राखायचा म्हणजे काय करायचे? पाटी लावून डोंगर राखला जात नाही. ज्या बाईला संध्याकाळी चूल पेटवायची आहे, तिला नुसते ‘झाड तोडू नका’ सांगून भागत नाही. सरपणाला काहीतरी पर्याय द्यावा लागतो. गवत जनावरे सोडून चारण्याऐवजी कापून नेण्याची मुभा ठेवावी लागते. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढाव्या लागतात, आणि हे सारे गावानेच पाहावे लागते. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने १९९० नंतरच्या दशकात हेच केले. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने स्वतःच नियम केले, झाड तोडणाऱ्याला दंड ठरवला आणि शेकडो हेक्टर जंगल उभे केले. पाणी जमिनीत मुरू लागले, तशा विहिरीही टिकू लागल्या. श्री. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे आधी नियम गावाने केले, मानसन्मान पुष्कळ नंतर आले.

गिधाडे आणि आपला गोठा

डोंगरावरच्या गिधाडांचा प्रश्न मात्र थेट आपल्या गोठ्यापर्यंत येतो. पूर्वी मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की घटका-दोन घटकांत गिधाडे ते साफ करीत. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर पंधरा-वीस वर्षांत शेकड्याला एकसुद्धा उरली नाही. कारण सापडले ते डायक्लोफिनॅक या औषधात. दुखणे-सूज यासाठी हे इंजेक्शन दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांवरही आली. मेलॉक्सिकॅम हे औषध जनावराला गुणकारी आणि गिधाडाला निर्धोक आहे.

हरसूल भागातील खोरीपाडा येथे ग्रामस्थ आणि वनविभाग यांनी गिधाडांसाठी खाद्याची जागा केली. परिसरातील मेलेली जनावरे तिथे आणून टाकतात, आणि गिधाडे पुन्हा उतरू लागली. एवढ्या साध्या गोष्टीने दोन कामे झाली. पक्ष्याला अन्न मिळाले आणि मेलेले जनावर ओढ्यात टाकायचे थांबले. जिथे गिधाड नाही तिथे ते काम मोकाट कुत्री करतात. कुत्री वाढली की पुढे काय होते, ते बिबट्याच्या प्रकरणात सांगतो.

माळ : ममदापूर

येवला तालुक्याच्या उत्तर-पूर्व भागात ममदापूर, राजापूर, देवदरी, खरवंडी, रेंडाळे या गावांचा कमी पावसाचा माळ आहे. हा माळ काळविटांचा. नर पाठीकडून काळा, पोटाकडून पांढरा, पिळदार शिंगांचा. मादी आणि पिल्ले बदामी. हे जनावर दाट जंगलात राहत नाही, त्याला उघडा गवताळ माळच लागतो. आणि नेमका असा माळ आपल्या कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो. २०१४ साली येथील सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले.

या भागातील शेतकऱ्याला काळविटाचा त्रास होत नाही असे नाही. कोवळे पीक कळपाने खाल्ले की वर्षाची मेहनत जाते. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात हरणे वस्तीकडे येतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. अशा वेळी दोर-बाज घेऊन विहिरीत उतरणारे बहुधा त्याच गावचे तरुण असतात. म्हणून तिथे वनविभागाने आणि गावकऱ्यांनी माळावरच पाणवठे करून त्यांत पाणी सोडण्याची पद्धत ठेवली. जनावराला त्याच्या जागी पाणी आणि गवत मिळाले, तर ते पिकात आणि विहिरीवर कमी येते, हा त्यामागचा सरळ हिशेब आहे. आपण भर उन्हात गोठ्यात पाणी भरून ठेवतो, तशातलीच ही गोष्ट.

जमीन खरेच जाते का?

आता सभासदांच्या मनातला खरा प्रश्न. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे दोन मोठे प्रकार होते. या दोहोंत लोकांच्या हक्कांवर बरीच बंधने येतात, आणि लोकांची भीती तिथूनच आली आहे. २००२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दोन नवे प्रकार आले.

संवर्धन राखीव क्षेत्र : हे शासनाच्या मालकीच्या जमिनीवरच होते. खाजगी सातबाऱ्याची जमीन त्यात घेतली जात नाही. जाहीर करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा लागतो. सल्ल्यासाठी एक समिती असते. तिच्यात वनविभागाबरोबर, ज्या गावांच्या हद्दीत क्षेत्र येते त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. शेती आणि पशुसंवर्धन खात्यांचेही प्रतिनिधी असतात. बोरगड, अंजनेरी आणि ममदापूर या प्रकारात येतात.

समुदाय राखीव क्षेत्र : हे गावाच्या किंवा खाजगी जमिनीवर होते, पण मालक किंवा समाज स्वखुशीने पुढे आला तरच. एकदा जाहीर झाल्यावर मात्र समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता यांशिवाय त्या जमिनीचा वापर बदलता येत नाही. ही गोष्ट आधीच समजून घ्यावी आणि मगच हात वर करावा. पंजाबातील केशोपूर-मियानी ही पाणथळ जागा अशी समुदाय राखीव आहे. तिथे लोक मासे पाळतात, कमळ घेतात आणि थंडीत पक्षीही उतरतात.

सहकारी संस्थेच्या सभासदाला यात नवीन काही नाही. पोटनियम वाचल्याशिवाय आपण शेअर घेत नाही. इथेही तसेच करावे. न वाचता विरोध करू नये, आणि न वाचता सहीसुद्धा करू नये.

पाणी : नांदूरमध्यमेश्वर

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत, गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बंधारा बांधला गेला. वर दारणा धरणात पाणी साठवायचे, नदीतून खाली सोडायचे आणि नांदूरमध्यमेश्वरला अडवून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत घालायचे, अशी ती योजना. या पाण्यावर निफाडपासून कोपरगाव-राहात्यापर्यंत बारमाही पिके उभी राहिली आणि आपल्या या पट्ट्यात ऊस रुजला. म्हणजे पक्ष्यांचे नांदूर आणि आपला ऊस ही एकाच बंधाऱ्याची दोन लेकरे आहेत.

बंधारा पक्ष्यांसाठी बांधलाच नव्हता. पाण्याबरोबर गाळ आला, उथळ पाणी झाले, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी उतरू लागले. थंडीत हिमालयापलीकडून बदके येतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांचे थवे दिसतात. क्रौंच हरभऱ्याच्या रानात उतरतात. जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक, चमचे हे तर आपल्या नित्याच्या ओळखीचे. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या हद्दीत नुसते पाणी नाही, गावे आणि शेतेही आहेत. जानेवारी २०२० मध्ये यातील १,४३७ हेक्टर क्षेत्र ‘रामसर’ यादीत आल्याचे जाहीर झाले. रामसर हे इराणमधील गाव. तिथे १९७१ साली पाणथळ जागांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. या यादीत आलेली महाराष्ट्रातील ही पहिली जागा. हा करार माणसाला पाण्यापासून हाकलत नाही. पाण्याचा सुज्ञ वापर करा, असे तो सांगतो.

या वापरातच तर खरी अडचण आहे. गाळाचे उदाहरण घ्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे कमी झालेला साठा. पक्ष्याच्या दृष्टीने तोच गाळ म्हणजे चरायची जागा. आवर्तन सुटले की पाणी उतरते, तेव्हा कालव्यावरचा शेतकरी खूश असतो आणि काठचा मासेमार चिंतेत. पाणी मागे हटल्यावर गाळपेर करणाऱ्याचे गणित आणखी निराळे. यातला कोणीही खोटा नाही. गाळ कुठला काढायचा, कुठला ठेवायचा, थंडीचे दिवस सोडून कधी काढायचा, हे पाटबंधारे खाते, वनविभाग आणि काठची गावे यांनी एकत्र बसून ठरवण्याची बाब आहे. अशा बैठकीला आपले सभासद गेले पाहिजेत. गेले नाहीत तर निर्णय त्यांच्याशिवाय होईल.

जलपर्णीबाबत मात्र आपल्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. नदीतून येणारे सांडपाणी आणि शेतातून वाहून जाणारे खत, या दोन्हींवर ती पोसते. ऊसाला एकदम गोण्या रिकाम्या करून पाटाने पाणी सोडले, की युरियाचा बराच भाग चारीतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातो. पैसा आपला जातो, पोसली जाते जलपर्णी. ठिबक आणि हप्त्याहप्त्याने खत ही शिफारस आम्ही उत्पादनासाठी करीत आलो आहोत. नांदूरच्या पाण्यालाही तीच लागू पडते.

एक फायदाही सांगितला पाहिजे. चापडगावकडच्या बाजूला पक्षी पाहायला लोक येतात, आणि वाटाड्याचे काम स्थानिक तरुण करतात. शेतकऱ्याच्या मुलाला पक्ष्यांची नावे पाठ असल्यामुळे रोजगार मिळतो, ही गोष्ट लहान नाही.

ऊस : चौथी जागा

डोंगर, माळ आणि पाणी यांव्यतिरिक्त चौथी जागा आपण स्वतःच तयार केली आहे, ती म्हणजे ऊस. आडसाली लावण जुलै-ऑगस्टमध्ये केली तर सोळा-अठरा महिने रान झाकलेले राहते. आत गारवा, शेजारी पाणी, माणसाची वर्दळ नाही. बिबट्याला याहून काय हवे? आपल्या सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे जंगल नाही, नुसती शेती आणि दाट वस्ती आहे, अशा भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ मोठे बिबटे आढळले. हे बिबटे काय खातात तेही तपासले गेले. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे गावाचा उकिरडा कुत्री पोसतो, आणि कुत्री बिबट्या पोसतात.

‘पकडून लांब सोडा’ हा उपायही करून झाला आहे. जुन्नर भागात २००१ पासून अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. माणसांवरचे हल्ले त्यानंतर कमी होण्याऐवजी वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते.

हे सांगताना आम्हाला एका गोष्टीची पूर्ण जाणीव आहे. आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांत बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुले गेली आहेत. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला वन्यजीवांचे महत्त्व सांगत बसणे हा अडाणीपणा ठरेल. माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त वनविभागाने तातडीने केलाच पाहिजे. माळ राखला म्हणून उसातला बिबट्या उद्या डोंगरात परत जाईल, असेही आम्ही म्हणत नाही. पण डोंगर-माळावरचे त्याचे नैसर्गिक खाद्य संपले, तर तो कायमचा आपल्या गोठ्यावर अवलंबून राहील. आणि फड आणि घर यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवली नाही, तर गाठ पडणारच. जमीन राखण्याची सुरुवात या मोकळ्या पट्ट्यापासून होते.

सभासदांनी काय करावे?

१. घर, गोठा, अंगणवाडी आणि शाळेची वाट यांना लागून ऊस लावू नये. तिथे कांदा, भाजीपाला, लसूणघास अशी बुटकी पिके घ्यावीत. रात्री गोठा बंदिस्त ठेवावा.

२. तोड चारी बाजूंनी आत आणू नये. एका टोकापासून सुरू करून ओढ्याकडची बाजू शेवटी मोकळी ठेवावी, म्हणजे आतले जनावर निघून जाईल. तोडणी मजुरांची लहान मुले फडाच्या कडेला एकटी ठेवू नयेत. कोप्या उसापासून दूर, उजेड असलेल्या जागी असाव्यात. ही जबाबदारी मुकादमाइतकीच फडाच्या मालकाचीही आहे.

३. बछडे सापडल्यास हात लावू नये, फोटोसाठी गर्दी करू नये. तेवढा भाग सोडून तोड थांबवावी आणि वनविभागाला कळवावे. त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. बहुधा मादी रात्री येऊन पिल्ले घेऊन जाते. पिल्ले हलवली तर ती बिथरून त्याच परिसरात फिरत राहते.

४. जनावर मारले गेल्यास पंचनामा होईपर्यंत ते हलवू नये, आणि लगेच कळवावे. उशिरामुळे भरपाई अडते.

५. उघड्या विहिरीला कठडा बांधावा. कुंपणात वीज सोडणे गुन्हा आहे, आणि त्यात रानडुकरापेक्षा शेजारी मरण्याची शक्यता जास्त.

६. ओढ्याकाठची झाडी आणि बांधावरची झाडे तोडू नयेत. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवानंतर बाभूळ-कडुनिंबावर बसतात, म्हणून काहीजण झाडच तोडतात. त्याऐवजी संध्याकाळनंतर फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. गावाने एकाच आठवड्यात मिळून केले तर उपयोग मोठा. नांगरामागे बगळे हुमणी वेचतात, आणि त्याच झाडांवर घुबडे बसतात. रात्रीचे उंदीर तीच मारतात.

७. पाचट जाळू नये. खोडव्यात सरीआड पसरावे. ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो आणि बांधावरचे घरटे, सरडा, धामण वाचते.

८. जनावरांच्या डॉक्टरांना सांगून मेलॉक्सिकॅमचाच आग्रह धरावा.

गावाने काय करावे?

प्रत्येक गावाला थोडेबहुत गायरान, ओढा, देवराई किंवा डोंगराचा तुकडा आहे. तो कोणाच्या नावे आहे आणि त्यावर किती अतिक्रमण आहे, हे आधी तलाठ्याकडून पाहून घ्यावे. जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीची समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. ती अनेक ठिकाणी कपाटात बंद आहे. ती बाहेर काढून गावातल्या जाणत्या मंडळींकडून भरून घ्यावी. मग ग्रामसभेत साधा ठराव करावा : अमुक तुकड्यावर मोकाट चराई बंद, गवत कापून नेण्यास मुभा, कुऱ्हाड बंद, वणवा लागला तर कोणी धावायचे, आणि उन्हाळ्यात पाणवठा कोणी भरायचा. संवर्धन राखीव किंवा समुदाय राखीव व्हायचे की नाही, हा पुढचा प्रश्न. ठरावाप्रमाणे दोन पावसाळे तुकडा राखून पाहावा. गवत किती आले, खालच्या विहिरींना पाणी किती टिकले, हे गावानेच मोजावे आणि मगच पुढचे ठरवावे.

ज्या गावांना असा ठराव करायचा आहे, त्यांनी आपल्या गट कार्यालयात सांगावे. ठरावाचा मसुदा करण्यास, आणि वनविभाग व पाटबंधारे खाते यांच्याशी बैठक लावण्यास आम्ही जरूर मदत करू. फडाच्या लावणीची नोंद देताना घर-गोठ्यालगतचा पट्टा मोकळा सोडला आहे की नाही, तेही सभासदांनी आमच्या कर्मचाऱ्याला सांगावे, अशी विनंती आहे. तोडणीचे नियोजन करताना त्याचा उपयोग होईल.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी